पैसे काढताना मागितले जाणारे कागद

परवा दुकानात तागा मोजत असताना मालवणातल्या एका ओळखीच्या मच्छी व्यापाऱ्याचा मुलगा मोबाईल घेऊन आला. परदेशी ऑनलाइन कॅसिनोत त्याच्या नावावर बरेच डॉलर जमा दिसत होते. खाते उघडताना ईमेलखेरीज काही विचारले नव्हते. पैसे काढायला गेला, तर पासपोर्ट, चेहऱ्याचा फोटो, पत्त्याचा दाखला आणि पैसा कुठून आणला याचा हिशेब मागितला. "पासपोर्ट पाठवला चाचा, बाकीचे पाठवू का?"

जुगार हराम आहे हे सांगण्यासाठी हा लेख नाही, ते घरोघरी ठाऊक आहे. पण आपले तरुण यात शिरत आहेत, म्हणून व्यापारी बंधूंनी यातला व्यवहार समजून घ्यावा.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर ओळखपत्र दारातच पाहतात. क्रिप्टो कॅसिनोचे उलटे आहे. कुरासावसारख्या बेटाचा परवाना घेऊन चालणाऱ्या या पेढ्या पैसे घेताना सहसा गप्प असतात. मात्र कधीही कागद मागण्याचा हक्क त्यांच्या अटींत लिहिलेला असतो. कागदावरून गिऱ्हाईक बंदी असलेल्या देशाचे निघाले, किंवा त्याने व्हीपीएन लावून आपला देश लपवला असला, की खाते बंद आणि रक्कमही अडकली. क्रिप्टोने गेलेला पैसा बँक परत आणू शकत नाही. हुंडीत निदान समोरची पेढी माहीत असे!

बरे, सगळे कागद दिले म्हणून खेळ कायदेशीर होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड त्यात आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही, पण अडकलेल्या रकमेसाठी त्याने दाद कुणाकडे मागायची?

क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीची गोष्ट वेगळी. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला, त्यामुळे तिथे ओळख पटवावीच लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससह ९ परदेशी एक्स्चेंजना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नोटिसा दिल्या होत्या. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कमाईतून वजा होत नाही.

खरा धोका मला पुढे दिसतो. एक्स्चेंजची कटकट नको म्हणून मुले क्रिप्टो एखाद्या अनोळखी माणसाला विकतात आणि रुपये बापाच्या चालू खात्यावर घेतात. तो पैसा कुणाची फसवणूक करून आलेला असेल, तर तक्रार होताच पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खाते गोठवते, कधी लांबच्या राज्यातल्या पोलिसांच्याही. मग सुरतेच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक परत येतो. बाजारातली पत एका दिवसात जाते, आणि आपण निर्दोष आहोत हे सांगत परक्या मुलखातल्या ठाण्यात खेटे घालायचे.

मुलाला सांगितले, आता एकही कागद पाठवू नकोस. "रक्कम सोडवण्यासाठी आधी कर भरा" असा निरोप आला, तर तोही भरू नकोस. तसे मागितलेच, तर सरळ १९३० या नंबरवर तक्रार कर. वडिलांचा खाते नंबर कुठे दिला आहेस का, हे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला.