झाडीपट्टी रंगभूमीचे संगीत

पूर्व विदर्भातील झाडीपट्टी नाटकांतून सादर होणारे संगीत. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील वनांनी व भातशेतीने व्यापलेल्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. झाडीबोली ही तेथील बोली होय.

या संगीताची मुळे दंडार व खडी गंमत या लोकप्रकारांत आहेत. दंडारीत गीत, नृत्य व सोंग एकत्र येतात. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत. खडी गंमतीत ढोलकी, तुणतुणे व झांज यांच्या साथीने उभ्याने गायन होते. पुण्यात १८८० मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले. त्यानंतर बहरलेल्या संगीत नाटकाचा प्रभाव येथेही पडला आणि नाट्यपदांसाठी ऑर्गन व तबला ही वाद्ये रूढ झाली. अलीकडे त्यांत ऑक्टोपॅडसारख्या विद्युत्‌वाद्यांची भर पडली आहे. नट स्वतः गातो. त्यामुळे साथीदारास त्याच्या गळ्याच्या कलाने वाजवावे लागते. शोकप्रसंगातील विलंबित पद, ढोलकीची लावणी व चित्रपटगीतांचा ठेका हे सर्व एकाच रात्रीत येत असल्याने तरुण वादकास जुन्या व नव्या दोन्ही वळणांचा सराव ठेवावा लागतो.

अमेरिकेतील ‘ब्लूज’ हे कृष्णवर्णीयांचे संगीतही शेतमळ्यांच्या परिसरातच वाढले. मात्र त्याचे आधुनिक रूप मुख्यतः स्थलांतरितांनी शहरात घडविले, उदा., मिसिसिपीचा मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोस गेला व पुढे तेथे विद्युत्‌गिटारवर ब्लूज वाजवू लागला. झाडीपट्टीचे संगीत गाव न सोडता पालटले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याचा आश्रयदाता अद्यापि ग्रामीण प्रेक्षकच आहे.

नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपतो. मंडई व शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांनिमित्त गावोगाव रात्रभर प्रयोग होतात. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. हंगाम मर्यादित असल्याने केवळ वादनावर वर्षभर निर्वाह होणे कठीण असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा प्रयोगांचे एक पारंपरिक निमित्त दुरावले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींस पुन्हा सशर्त अनुमती मिळाली. मध्यंतरी कोविड–१९ च्या साथीमुळे प्रयोगांत खंड पडला. २०२३ मध्ये ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीस राष्ट्रीय मान्यता लाभली. वादकांची उपजीविका मात्र पूर्वीप्रमाणेच पिकावर आणि हंगामावर अवलंबून आहे.