अवयवदान आणि सिस्टरचा शब्द

मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण मुलगा अतिदक्षता विभागात असतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, "मेंदू मृत झाला आहे." नातेवाईक मुकाट ऐकून घेतात. मनातली शंका मात्र ते कॉटजवळच्या सिस्टरलाच विचारतात, "ताई, छाती हलतेय, अंग गरम आहे, मग गेला कसा?"

याचे उत्तर पटल्याशिवाय अवयवदानाची गोष्टच काढता येत नाही. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदयाला स्वतःची चालना असते, त्यामुळे प्राणवायू मिळेल तोवर ते काही तास, कधी काही दिवस चालते. कोमातला रुग्ण जिवंत असतो. मेंदूमृत्यूत श्वासाचे केंद्रच कायमचे बंद पडलेले असते. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर ही तपासणी करतात, तीही किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यांत नसतात.

२०११ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना दानाविषयी विचारणे आता रुग्णालयाचे कर्तव्य आहे. हे बोलणे प्रत्यारोपण समन्वयक करतो, आणि परिचारिकेलाही ते पद मिळू शकते. मात्र मृत्यू मनाला पटण्याआधीच विषय निघाला, तर "आमच्या माणसावर यांचा डोळा आहे" असेच घरच्यांना वाटणार. आधी रडू द्यावे, हे जाणत्या सिस्टरला सांगावे लागत नाही.

मग व्यवहाराचे प्रश्न येतात. देह विद्रूप होतो का? नाही, टाके घालून तो नीट परत देतात. खर्च? अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. अपघाताची केस असेल तर पोलीस पंचनामा व शवविच्छेदन होते, त्यामुळे थोडा वेळ जातो. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी. नकार मिळाला तर तोही मानाने घ्यायचा.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे दान नोंदणीकृत रुग्णालयातच होते. नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी करता येते, आणि गावातल्या सिस्टरचा खरा उपयोग इथे आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळे काढावी लागतात. नेत्रपेढीला कळवावे, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, वय ऐंशी होते, यांपैकी काहीच आड येत नाही. एड्स, कावीळ 'ब' किंवा रेबीजने मृत्यू झाला असेल तर मात्र डोळे घेत नाहीत.

हयातीत फॉर्म भरला असला तरी ऐनवेळी घरच्यांची संमती लागतेच. म्हणून फॉर्म भरणाऱ्याने ते घरात सांगून ठेवावे, निदान सुनेला तरी.