पाण्याच्या रस्त्याने केरळ : सहकुटुंब सहलीचा बेत असा आखावा

आपली मंडळी घराबाहेर पडतात ती बहुधा दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, महाडला, नाही तर वेरूळ-अजिंठ्याला. थोडी ऐपत असली तर बुद्धगया आणि सारनाथ. हा प्रवास झालाच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. परंतु वर्षभर कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या माणसाने, स्वयंपाकघरातून न हललेल्या गृहिणीने आणि अभ्यासाने कावलेल्या मुलांनी चार दिवस केवळ विश्रांतीसाठी, नवा मुलूख पाहण्यासाठी कुठे जावे, असा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. ‘ते पैसेवाल्यांचे काम’ असे म्हणून आपण विषय बंद करतो.

गेल्या जानेवारीत आमच्या वसाहतीतील चार कुटुंबांनी केरळातील सरोवरांच्या साखळीतून होडीने प्रवास केला. लहानमोठी मिळून चौदा माणसे होती. प्रवास आठवड्याचा, पण तयारी आठ महिन्यांची. या लेखात आम्ही तयारीविषयीच अधिक लिहीत आहोत. सहल बिघडते ती बहुतेक वेळा घरच्या तयारीतच, असा आमचा अनुभव आहे.

पाण्याचा रस्ता म्हणजे काय?

सह्याद्रीवरून पश्चिमेला धावणाऱ्या नद्या केरळात समुद्राला मिळण्यापूर्वी किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यामागे पसरतात आणि त्यांची विस्तीर्ण सरोवरे होतात. तिकडे त्यांना ‘कायल’ म्हणतात. दक्षिणेला कोल्लमजवळ आठ फाट्यांचे अष्टमुडी, मधे कायमकुळम आणि उत्तरेला आलप्पुळापासून कोचीपर्यंत पसरलेले वेंबनाड. ही सरोवरे कालव्यांनी एकमेकांस जोडलेली आहेत. कोल्लम ते कोट्टपुरम हा जलमार्ग १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ म्हणून जाहीर झाला. जोडकालवे धरून त्याची लांबी २०५ किलोमीटर आहे. आपल्याकडे गावोगाव एस.टी. जाते, तशी तिथे राज्य जलवाहतूक खात्याची बोट जाते. शाळेची मुले, मासळीवाल्या, कारकून तिनेच रोजची ये-जा करतात. ही एक गोष्ट समजली आणि ही सहल आपल्या आवाक्यातली आहे, असे आमच्या ध्यानात आले.

कोणत्या दिवसांत जावे?

जून ते सप्टेंबर तिकडे धो-धो पाऊस असतो. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात या सरोवरांकाठचा कुट्टनाड प्रदेश पाण्याखाली गेला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस गाठतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी अर्धी भिजण्यात जाते. नाताळात हवा उत्तम, पण खोल्यांचे दर चढलेले. आम्ही जानेवारीचा तिसरा आठवडा धरला आणि २६ जानेवारीची सुट्टी जोडून घेतली. मुलांच्या शाळेत आधीच अर्ज दिले. दहावीचा विद्यार्थी ज्या घरात आहे त्या घराने मात्र पुढचे वर्ष पाहावे.

कोकण रेल्वेने जाणारी नेत्रावती एक्सप्रेस मुंबईहून सुटून दुसऱ्या दिवशी सायंकाळी कोल्लमला पोहोचवते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी मिळते. १९ जानेवारीची गाडी हवी असेल तर २० नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता खिडकीवर किंवा मोबाइलवर हजर राहिले पाहिजे. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून चौदा जणांसाठी तिघांनी स्वतंत्र अर्ज केले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडे पडते. हिशेब करताना हे विसरू नये.

पैशाची तजवीज

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, त्यामुळे वही आमच्याकडे आली. चार घरांची आठ महिने भिशी केली. रक्कम दरमहा पोस्टात टाकली आणि खर्चाची पाच खाती पाडली : रेल्वे, मुक्काम, होडी, जेवण आणि अडीअडचण. शेवटच्या खात्यात एकूण रकमेचा दहावा हिस्सा ठेवला. ते खाते कामी आले. कसे, ते पुढे सांगतो.

सर्वांचे मन हाउसबोटीवर होते. पूर्वी भात वाहून नेणाऱ्या ‘केट्टुवळ्ळम’ नावाच्या मोठ्या होड्या असत. खिळा न ठोकता फळ्या काथ्याने शिवून बांधलेल्या. त्यांच्याच धर्तीवर आता तरंगती घरे झाली आहेत. पाहण्यासारखी आहेत, यात शंका नाही. पण हिशेबाने पाहा. साधारणतः दुपारी बारा वाजता बोट ताब्यात मिळते, सकाळी नऊला सोडावी लागते. सायंकाळी मासेमारीची जाळी पाण्यात पडतात, म्हणून सहाच्या सुमारास बोट काठाला बांधतात. म्हणजे पैसे दिवसाचे आणि बोट चालणार पाच-सहा तास. वातानुकूलन बहुधा रात्रीच्या ठरावीक तासांपुरतेच असते. तरीही मुलांचा हट्ट म्हणून आम्ही एका रात्रीपुरती एक खाजगी बोट ठरवली आणि आगाऊ रक्कम पाठवली.

पोहता कोणाला येते?

निघण्यापूर्वीच्या बैठकीत आम्ही सहज विचारले, आपल्यापैकी पोहता कोणाला येते? चौदा जणांत एका मुलाचा हात वर झाला. तोही कॉलेजच्या तलावात शिकलेला. आम्ही हसत मातोश्रींना म्हटले, “आई, तू तर गावाकडची. तुला कसं येत नाही?” मातोश्री म्हणाल्या, “पवायला शिकायला हीर होती का रं आपली?”

बैठक गप्प झाली. ज्या पिढीला गावच्या विहिरीवर घागर बुडवू दिली नाही, ती त्या विहिरीत पोहायला कशी शिकणार? आणि तिची मुले, म्हणजे आम्ही, शहरात दोन बादल्या पाण्यावर वाढलो. पाण्याची ही भीती आमच्या घरात अशी पिढ्यांनी आली आहे. त्या दिवशी वहीत आम्ही एक नियम लिहिला : माणसागणिक लाइफ जॅकेट नसेल त्या होडीत पाय ठेवायचा नाही.

नियम लिहिणे सोपे असते. ठरवलेल्या बोटीवर आम्ही सामान चढवले, जॅकेट मोजली. नऊ निघाली. मुलांच्या मापाचे एकही नव्हते. बोटवाला म्हणाला, पाणी खोल नाही, रोज माणसे नेतो, काही होत नाही. आमच्यातील दोघांचे म्हणणे पडले की पैसे भरलेले आहेत, मुले खूश आहेत, एवढे कशाला ताणायचे? मुले रडू लागली. आम्हीही मनात डगमगलो, हे कबूल करतो. तेव्हा मातोश्रीच पिशवी उचलून धक्क्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, “पैसं परत मिळवता येत्याल.” मग सगळेच उतरले. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. अडीअडचणीच्या खात्यातून ती भरून काढली आणि वहीत ‘बुडीत’ म्हणून नोंदवली.

यावरून वाचकांनी आमच्या खर्चाने धडा घ्यावा. पैसे पाठवण्यापूर्वी बोटीचा नोंदणी क्रमांक, किती माणसांची परवानगी, मोठ्यांची आणि मुलांची जॅकेट किती, बोट किती तास चालणार, जेवण काय, हे सारे लेखी मागवावे. आगाऊ रक्कम कमीत कमी द्यावी. शक्य तर बोट प्रत्यक्ष पाहूनच ठरवावी.

हा आमचा बाऊ नव्हे. मल्याळी महाकवी कुमारन आशान १६ जानेवारी १९२४ रोजी याच जलमार्गावर पल्लना येथे बोट उलटून बुडाले. कोल्लमहून आलप्पुळाकडे जाणाऱ्या त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती. २७ जुलै २००२ रोजी मुहम्मा-कुमरकोम फेरीची बोट बुडून २९ जण दगावले. त्यात नोकरीच्या परीक्षेला निघालेले बरेच होते. तीही बोट गच्च भरलेली होती आणि ती सरकारी होती. तेव्हा बोट कोणाचीही असो, गर्दी दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. तासभर उशीर झाल्याने सहल बुडत नाही.

आमचा सात दिवसांचा मार्ग

पहिले दोन दिवस रेल्वेचे. तिसऱ्या दिवशी अष्टमुडीत कल्लडा नदी मिळते तिथल्या मन्रो बेटावर गेलो. तिथे बांबूने ढकलत नेण्याच्या लहान होड्या अरुंद कालव्यांतून घरांच्या परसापर्यंत जातात. पाण्याची भीती मोडायला अशी सुरुवात बरी.

चौथ्या दिवशी कोल्लमहून आलप्पुळाला. या टप्प्यावर सरकारी पर्यटक बोटीचा आठ तासांचा प्रवास प्रसिद्ध होता, परंतु ही फेरी मधूनमधून बंद असते. धक्क्यावर चौकशी करूनच बेत करावा, नाही तर रेल्वे आहेच. आम्ही रेल्वेने अंबलप्पुळाला उतरलो आणि रिक्षाने जवळच्या करुमाडीला गेलो. तिथे कालव्याकाठी काळ्या दगडातली भगवान बुद्धांची ध्यानस्थ मूर्ती आहे. लोक तिला प्रेमाने ‘करुमाडीकुट्टन’, म्हणजे करुमाडीचा मुलगा, म्हणतात. मूर्तीचा एक बाजूचा भाग तुटलेला आहे. ती दीर्घकाळ पाण्यात पडून होती. केरळात एकेकाळी धम्म नांदत होता, याची ती साक्ष आहे. पल्लना तिथून फार दूर नाही. आशानांनी १९२२ साली ‘चंडालभिक्षुकी’ हे काव्य लिहिले. त्यात भिक्खू आनंद विहिरीवर एका चांडाळकन्येकडे पाणी मागतात, ती कथा आहे. मातोश्रींना ती कथा गाडीतच सांगितली होती.

पाचव्या दिवशी आलप्पुळाहून कोट्टयमला सरकारी बोटीने, सुमारे अडीच तास. भाडे एस.टी.च्या तिकिटासारखे हलके. दोन्ही बाजूंना कुट्टनाडची भातशेती. ही शेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. बांध घालून, पाणी उपसून पिकवलेली. बोटीतून पाहिले तर शेत खाली आणि पाणी वर असे उलटे दृश्य दिसते. त्या बांधांचा चिखल पुलय आणि इतर मजुरांनी पाण्यात बुड्या मारून उपसलेला आहे, हे मुलांना आवर्जून सांगितले.

सहाव्या दिवशी वायकोम. वेंबनाडच्या पूर्वकाठावरचे हे गाव. इथल्या मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्यांना मोकळे व्हावेत म्हणून ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो वीस महिने चालला आणि पेरियार रामस्वामींनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. महाडच्या पूर्वी तीन वर्षे. वायकोमच्या धक्क्यावरून समोरच्या तवणक्कडवूला जाणारी ‘आदित्य’ ही सूर्यशक्तीवर चालणारी बोट जानेवारी २०१७ पासून धावते. इंजिनाचा खडखडाट नाही, धूर नाही. सातव्या दिवशी एर्नाकुलमला जलमेट्रोत बसलो आणि परतीची गाडी धरली. याच एर्नाकुलमच्या पाण्यात १९१३ साली पुलय समाजाने होड्या एकमेकींना बांधून सभा घेतली होती. जमिनीवर जमायला बंदी होती, म्हणून पाण्यावर जमले!

काही किरकोळ सूचना

सरकारी बोटींवरील पाट्या बहुधा मल्याळी लिपीत असतात. जायचे ठिकाण कागदावर मल्याळीत लिहून घ्यावे आणि चढताना विचारावे. जेवणाबरोबर गुलाबी कोमट पाणी देतात. ते औषधी लाकडाचे ढलपे घालून उकळलेले असते, शंका घेऊ नये. जाड तांबड्या तांदळाचा भात मुलांना पहिल्या दिवशी रुचत नाही, म्हणून घरचे थोडे दशम्या-लाडू जवळ असावेत. टोपी, डासांचे मलम, उलटीची गोळी विसरू नये. आणि कागद, पिशवी, बाटली पाण्यात टाकू नये. त्याच पाण्यावर तिथल्या लोकांची मासळी आणि भात आहे.

वायकोमच्या बोटीत मातोश्री खिडकीशी बसल्या होत्या. जॅकेट अंगात घट्ट बांधलेले. पलीकडचा काठ जवळ आल्यावर त्यांनी विचारले, “ह्या पान्यात हात घातला तर चालंल का रं?” आम्ही म्हणालो, “बोट थांबू दे, मग घाल.” बोट धक्क्याला लागल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ ओंजळीतून पाणी सोडीत राहिल्या.

परत आल्यावर आमच्या वसाहतीतील पाच मुलींनी महापालिकेच्या तलावात पोहण्याच्या वर्गात नाव घातले आहे. पुढच्या भिशीचा पहिला हप्ताही जमा झाला आहे. वाचकांनीही एक वही घालावी, चार घरे जमवावीत आणि पहिल्या पानावर माणसांच्या संख्येपुढे जॅकेटची संख्या लिहावी. बाकीचा बेत आपोआप जमतो.