लोणारचा गुराखी गेममध्ये बोलेल तेव्हा

लोणार सरोवरावर व्हिडिओ गेम करायचा, तर काठावर एक म्हातारा गुराखी हवाच. खेळणाऱ्याने काहीही विचारावं आणि त्याने समजून उत्तर द्यावं, हे आता शक्य आहे. ते कसं घडतं आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कुठे अडतं, ते पाहू.

आधी नियम होते

१९८०च्या ‘पॅक-मॅन’मधली चार भुतं चार स्वभावांची वाटतात. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या तोंडापुढच्या चौथ्या घरावर नेम धरतं, म्हणून ते वाट अडवतंय असं वाटतं. नारिंगी भूत आठ घरांच्या आत आलं की पाठ फिरवून आपल्या कोपऱ्याकडे निघतं, म्हणून ते भित्रं वाटतं. स्वभाव म्हणून जे दिसतं, तो एकेका ओळीचा नियम असतो.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०मध्ये आला. त्यात दुर्गा आणि विष्णू यांच्या बोलण्यातून गोष्ट उलगडते. ते बोलणं सुरेख आहे, पण आधीच लिहून ठेवलेलं. तुम्ही मधेच प्रश्न विचारू शकत नाही.

मग आठवण आली

२०२३मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी पंचवीस पात्रांचं एक छोटं गाव संगणकावर वसवलं. प्रत्येक पात्र काय पाहिलं, कोण काय म्हणालं याची नोंद ठेवायचं, त्यातलं कामाचं तेवढं आठवायचं आणि पुढचा बेत ठरवायचं. एकीला फक्त सांगितलं होतं की तुला व्हॅलेंटाइनची पार्टी द्यायची आहे. आमंत्रण तोंडोतोंडी गावभर गेलं आणि काही पात्रं ठरल्या वेळी हजर झाली.

गुराख्याला काय ठाऊक असावं

माझ्या मते खरं कसब इथे लागतं. अशा पात्रांमागचं भाषेचं मॉडेल जगभरचा मजकूर वाचून पुढचा शब्द जुळवतं, आणि माहीत नसलेलंही ठासून सांगतं. त्यामुळे गुराख्याच्या माहितीला कुंपण घालावं लागतं. जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव कारण निघाले. आपल्या गुराख्याने रंग पाहिला असेल. सूक्ष्मजीवाचं नाव त्याच्या तोंडी शोभणार नाही. ते सांगायला दुसरं पात्र, एखादी संशोधक, हवी.

कुंपण अपुरं पडलं की काय होतं, ते मे २०२५मध्ये ‘फोर्टनाइट’ या गेममध्ये दिसलं. डार्थ व्हेडर या पात्राशी थेट बोलता येऊ लागलं आणि खेळाडूंनी बघता बघता त्याच्या तोंडून शिव्या वदवून घेतल्या. कंपनीला तातडीने दुरुस्ती करावी लागली.

‘काऊन’चा प्रश्न

बोलणाऱ्या पात्रामागे बहुधा तीन कामं चालतात: आवाजाचा मजकूर करणं, उत्तर जुळवणं, उत्तराचा पुन्हा आवाज करणं. तिन्ही मिळून दोन-तीन सेकंद गेले तरी गप्पांची लय तुटते.

आपल्याकडे पहिल्याच पायरीला ठेच लागते. पोरगं वऱ्हाडीत विचारणार, “आबाजी, तयाचं पानी गुलाबी काऊन झालं व्हतं?” प्रमाण मराठीवर शिकवलेल्या यंत्राला ‘तयाचं’ म्हणजे ‘त्याचं’ वाटेल आणि तळं प्रश्नातून निसटेल. वऱ्हाडीत ळचा य होतो, हे यंत्राला आवाज ऐकवूनच शिकवावं लागेल. त्यासाठी लोणार, मेहकर, चिखली, शेगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आणि पोरांचं बोलणं, त्यांच्या संमतीने आणि योग्य मोबदला देऊन, ध्वनिमुद्रित करायला हवं. गुराख्याचं चित्र काढण्याआधी हे काम हाती घ्यावं.