आशाताईंचा बदलता सूर

सकाळची घाई. आमच्या साकीनाक्याच्या बिल्डिंगीत कुठे पोळ्या लाटणं चाललेलं, कुठे डबे भरणं, आणि कुणाच्या तरी रेडिओवर आशा भोसले! परवा सासूबाई म्हणाल्या, "गझल गाणारी ही आणि क्लबातलं ठसक्यात गाणारी ती, एकच बाई? खरं वाटत नाही गं!"

खरंच, मैत्रिणींनो, हे साधलं कसं?

1933 साली सांगलीत मास्टर दीनानाथांच्या घरी जन्म. 1942 मध्ये वडील गेले आणि पुढच्याच वर्षी 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात ही चिमुरडी गायली. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. संसार आला, मुलं झाली. नायिकांची चांगली गाणी थोरल्या बहिणीकडे, लतादीदींकडे जात. आशाताईंच्या वाट्याला खलनायिकांची आणि छोट्या चित्रपटांतली. पण मिळेल त्या गाण्याचं त्यांनी सोनं केलं. 1957 च्या 'नया दौर'मध्ये ओ. पी. नय्यर यांनी त्यांना नायिकेचा आवाज दिला आणि नशीब पालटलं.

घरी मात्र सूर जुळले नाहीत. 1960 च्या सुमारास त्या माहेरी परतल्या. तीन मुलांची जबाबदारी एकटीवर! अशा वेळी बाई खचते. आशाताई नवं शिकत राहिल्या.

1966 च्या 'तीसरी मंजिल'साठी राहुलदेव बर्मन यांनी पाश्चात्त्य ढंगाची चाल ऐकवली, तेव्हा हे आपल्याला जमेल का, अशी शंका त्यांना आली. चाल बदलू का, असं त्यांनी विचारलं. आशाताई नको म्हणाल्या आणि दहा दिवस सराव करून गायल्या. पुढे 1981 च्या 'उमराव जान'मध्ये खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. त्या गझलांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. आणि 1995 मध्ये, बासष्टीच्या घरात, 'रंगीला'मध्ये विशीतल्या उर्मिला मातोंडकरसाठी त्या गायल्या. वय कुठे जाणवलं का?

सूर बदलला, पण मंचावर अंगावर साडीच. स्वयंपाकाचीही भारी हौस. 2002 मध्ये दुबईत त्यांच्या नावाचं रेस्टॉरंटच निघालं!

"आता या वयात काय शिकायचं?" असं आपण पस्तिशीतच म्हणतो. उद्या पोळ्या लाटताना रेडिओवर त्यांचा आवाज लागला, की हे दहा दिवस जरूर आठवा.