भरपाई कोणाला मिळाली?

अर्ल ग्रे हे इंग्लंडमधील सरंजामी घराण्यातले. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारे विधेयक १८०७ साली कॉमन्स सभागृहात त्यांनीच पुढे नेले. १८३० ते १८३४ ते पंतप्रधान होते. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गाला मताधिकार मिळाला. बहुसंख्य कामगार आणि सर्व स्त्रिया मात्र बाहेरच राहिल्या. १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. पण भरपाईचे दोन कोटी पौंड कोणाला मिळाले? गुलामांच्या मालकांना! गुलामांना छदामही नाही. उलट 'उमेदवारी'च्या गोंडस नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे बिनपगारी राबावे लागले. त्या भरपाईचे कर्ज ब्रिटिश करदाते २०१५ पर्यंत फेडत होते. म्हणून कायद्याच्या नावावर भुलू नका, त्यातील कलमे वाचा.