राष्ट्राभिमान : वारसा आणि पात्रता

जन्माने लाभलेल्या राष्ट्रीयत्वाचा अभिमान बाळगावा का, या प्रश्नावर राजधानीतील व्यासपीठांवर हिरिरीने वाद होतात. छत्तीसगडमधील चरोदा-भिलाईचा पट्टा या वादापासून दूर असला, तरी त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारा बराचसा पुरावा तेथेच पडलेला आहे.

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग आणि भिलाई मागे टाकून रायपूरच्या दिशेने जाऊ लागली, की मालडब्यांच्या लांबच लांब रांगा दिसू लागतात. हे चरोद्याचे मार्शलिंग यार्ड. रेल्वेच्या भाषेत ‘बीएमवाय’. भिलाई पोलाद कारखान्याच्या मालवाहतुकीशी या यार्डाचे नाते जन्मापासूनचे. यार्ड, लोकोशेड आणि रेल्वे वसाहत यांच्या आधाराने वाढलेल्या या गावात छत्तीसगडी, बंगाली, तेलुगू, ओडिया, बिहारी आणि मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. गावाला लागूनच देवबलोद्याचे कलचुरिकालीन शिवमंदिर आहे. एका बाजूला काही शतकांपूर्वीचे शिल्प आणि दुसऱ्या बाजूला देशभर जाणारे लोखंडी रूळ. राष्ट्राभिमानाचे भाषण करणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

तथापि भाषण सोपे असले, तरी प्रश्न सोपा नाही. आपण कोणत्या देशात जन्मावे हे कोणीही ठरवीत नाही. ज्यात आपले कर्तृत्व काडीचेही नाही, त्याचा अभिमान कसला, असा आक्षेप घेतला जातो आणि तो तर्काला धरून आहे. चरोद्याच्या यार्डात घाम गाळणाऱ्याला आपल्या कामाचा अभिमान वाटावा हे समजू शकते. मात्र त्या यार्डाकडे कधी फिरकलेलाही नाही, अशा माणसाने भिलाईच्या पोलादावर आपला हक्क सांगावा तो कोणत्या नात्याने?

तीन कारखाने, तीन देश

या आक्षेपाचा विचार करण्यापूर्वी भिलाईचा जन्म आठवावा लागतो. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा कारखाना उभारण्याचे ठरले. त्यासाठी सोव्हिएत संघाने अडीच टक्के व्याजाने कर्ज दिले, यंत्रे दिली आणि तज्ज्ञही पाठविले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच काळात राउरकेला येथे पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर येथे ब्रिटनच्या साह्याने पोलाद कारखाने उभे राहिले.

नव्या राष्ट्राच्या स्वाभिमानाची ही तीन प्रतीके परकीय साह्याने घडली, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्यांच्याजवळ ज्ञान आहे त्यांच्याकडून ते घ्यावे आणि पुढे आपल्या पायांवर उभे राहावे, हा व्यवहार शहाणपणाचाच होता. विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. साह्य करणाऱ्या या तीन देशांपैकी पश्चिम जर्मनी १९९० मध्ये एकीकृत जर्मनीत सामावली. १९९१ अखेर सोव्हिएत संघ नकाशावरून पुसला गेला. काल ‘सोव्हिएत’ म्हणवून घेणारा अभियंता एका रात्रीत रशियन, युक्रेनियन किंवा कझाक झाला. त्याच्या पारपत्रावरील राष्ट्रीयत्व उरले नाही, पण त्याने उभ्या केलेल्या कारखान्याची धग विझली नाही. भिलाईतील ‘मैत्री बाग’ आजही एका नामशेष राष्ट्राशी असलेल्या मैत्रीची आठवण वागवीत आहे.

जर्मनीची कथा आणखी बोलकी आहे. राष्ट्राभिमानाचा अतिरेक माणसांना कोठवर नेतो, याची सर्वांत भीषण साक्ष त्या देशाने दिली. १९४५ नंतर तेथील विचारवंतांपुढे प्रश्न होता, तो आपल्या देशावर प्रेम करण्याची मुभा आपल्याला उरली आहे काय, हा. त्यातूनच डॉल्फ श्टेर्नबेर्गर आणि युर्गन हाबरमास यांनी संविधाननिष्ठ देशप्रेमाची कल्पना मांडली. वंश किंवा रक्त यांऐवजी लोकशाही राज्यघटनेतील मूल्यांवर देशाशी असलेली निष्ठा आधारावी, असे तिचे सार. रवींद्रनाथ टागोरांनी तर त्याआधीच, पहिले महायुद्ध चालू असताना, जपान आणि अमेरिकेत व्याख्याने देऊन राष्ट्रवादाच्या उन्मादाविरुद्ध इशारा दिला होता. १९१७ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या देशप्रेमाबद्दल शंका घेण्याचे धाडस मात्र कोणी करणार नाही.

घोडे अटकेला आणि रतनपूरलाही

चरोद्यातील मराठी माणसाला हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. महाराष्ट्रात १७५८ हे वर्ष अटकेपर्यंत पोचलेल्या मराठी घोड्यांसाठी स्मरले जाते. त्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांची सत्ता छत्तीसगडच्या रतनपूर येथे सुरू झाली. ती १७८७ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. त्यापूर्वी भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजा याच मुलखातून बंगालवर चालून गेल्या होत्या. बंगाली घरांत मुलांना झोपविताना ‘बर्गी’ आले, असे म्हणून ज्यांची भीती घातली जाई, ते बर्गी म्हणजे याच फौजांतील बारगीर.

म्हणजे एकाच यार्डात पाळी करणाऱ्या मराठी आणि बंगाली कर्मचाऱ्यांनी आपापल्या आजीकडून ऐकलेला इतिहास परस्परविरोधी असू शकतो. एकाच्या घरी जो पराक्रम, तीच दुसऱ्याच्या घरी लूट. छत्तीसगडी माणसाच्या स्मरणात तोच काळ बाहेरून आलेल्या सत्तेला भरलेल्या सारावसुलीचा. मग या तिघांनी मिळून ‘आपल्या’ इतिहासाचा अभिमान बाळगायचा तो कसा? गैरसोयीची पाने फाडून टाकणे, हा एक मार्ग. ती पाने तिघांनी एकत्र बसून वाचणे, हा दुसरा. पहिल्या मार्गाने गोंगाट वाढतो. राष्ट्र घडण्याची शक्यता असते ती दुसऱ्या मार्गाने.

हा दुसरा मार्ग छत्तीसगडच्या मराठी माणसांना नवा नाही. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि रायपूर त्याच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. सीमा अशा वारंवार सरकल्या, माणसे मात्र होती तेथेच राहिली. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे त्यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. नागपूरहून ‘हिंदी केसरी’ चालविताना १९०८ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. कुटुंबाच्या दडपणाखाली त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि त्यांची सुटका झाली. त्या माफीची खंत मात्र त्यांना पुढे दीर्घकाळ जाळीत राहिली.

सप्र्यांची ही खंत राष्ट्राभिमानाच्या चर्चेत मोलाची आहे. देशासाठी ज्याला शरम वाटू शकते, त्याच्याच अभिमानाला काही किंमत असते. पूर्वजांच्या विजयात वाटा मागायचा आणि त्यांच्या अपराधांशी आपला संबंध नाही म्हणायचे, हा हिशेब खोटा ठरतो. वारसा घ्यायचा तर मालमत्तेबरोबर कर्जही घ्यावे लागते, हे कोणताही महसूल अधिकारी सांगेल.

जमेची आणि खर्चाची बाजू

भिलाईच्या बाबतीत हा हिशेब मांडून पाहता येतो. जमेची बाजू भक्कम आहे. देशाच्या लोहमार्गांवरील रुळांचा फार मोठा हिस्सा येथून गेला. २६० मीटर लांबीचे अखंड जोडलेले रूळ येथून रवाना होतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी ज्या कारखान्यांनी पोलाद पुरविले, त्यांत भिलाई आहे. या पोलादाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

खर्चाची बाजूही तितकीच खरी आहे. कारखान्यासाठी आणि नगरासाठी अनेक गावांच्या जमिनी गेल्या. सप्र्यांनी १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा लिहिली, तेव्हा भिलाईचा मागमूसही नव्हता. परंतु झोपडी हिरावली गेलेली विधवा त्या जागेची टोपलीभर माती मागते आणि जमीनदाराला ती टोपलीही उचलत नाही, हा त्या कथेचा प्रसंग पुढे या पट्ट्यात अनेकांनी अनुभवला असेल. कंत्राटी कामगारांच्या हक्कांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत असताना हत्या झाली. बंगाली कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने छत्तीसगडला आपले मानले होते. १८५७ मध्ये रायपूरला फाशी गेलेल्या वीर नारायणसिंहांची स्मृती कामगारांच्या मनात जागविण्यात त्यांच्या संघटनेचा मोठा वाटा आहे. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. ते रूळ चरोद्यावरून जाणाऱ्या याच मार्गाचे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कारखान्यातील वायुवाहिनीजवळ स्फोट होऊन पुन्हा दहाहून अधिक कर्मचारी प्राणास मुकले.

ही यादी भिलाईला कमी लेखण्यासाठी नाही. ‘विक्रांत’ आपली आणि पॉवर हाउसचे मृत कामगार मात्र दुसऱ्या कोणाचे, असे म्हणता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. सुरुवातीच्या आक्षेपाचे उत्तरही येथेच सापडते. ज्याने यार्ड पाहिले नाही, त्याचा भिलाईशी संबंध कोणता? संबंध असा, की त्याच्या करातून हा कारखाना उभा राहिला, त्याच्या मतातून सरकारे आली आणि त्याच्याच नावाने गोळीही चालली. नागरिक म्हणून तो या सर्वांना उत्तरदायी आहे. उत्तरदायित्व मान्य केले, तर अभिमानाचाही अधिकार त्याला पोचतो.

१९६२ मधील दोन घटना

राज्यघटना याबाबत काय म्हणते? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क द्वारे मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. घटनेचे पालन, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर, स्वातंत्र्यलढ्यातील उदात्त आदर्शांची जोपासना, बंधुभाव, संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन, अशी ती कर्तव्ये आहेत. अभिमान बाळगावा, असे कलम त्यांत नाही. भावना कायद्याने मागता येत नाही, मागता येते ते वर्तन, हे घटनाकारांच्या वाटेने गेलेल्या मसुदाकारांनी ओळखले असावे. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते, की हजारो जातींत विभागलेल्या लोकांनी आपण एक राष्ट्र आहोत असे मानून चालणे हा भ्रम आहे. राष्ट्र होण्याचे काम अजून करावयाचे आहे, हा त्याचा अर्थ. जे घडवायचे आहे त्याचा अभिमान आधीच मिरविणे घाईचे ठरते.

अभिमानाचा थेट उल्लेख आढळतो तो शालेय प्रतिज्ञेत. ती १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. ते तेव्हा विशाखापट्टणम येथे जिल्हा कोषागार अधिकारी होते. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची ही प्रतिज्ञा प्रत्येक मराठी मुलाने म्हटली आहे, परंतु तिच्यातील वाक्यांचा क्रम फारच थोड्यांनी लक्षात घेतला असेल. देशाच्या विविधतेने संपन्न अशा परंपरांविषयी अभिमान व्यक्त करून ती तेथे थांबत नाही. लगेच पुढे, त्या परंपरांना शोभेल अशी पात्रता आपल्या अंगी येण्यासाठी झटण्याचे वचन देते. अभिमान परंपरेचा, पण पात्रता स्वतः मिळवायची. एका कोषागार अधिकाऱ्याने जमा आणि देणे असे एकाखाली एक मांडून ठेवले आहे.

त्याच १९६२ मध्ये चरोद्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, राजनांदगाव येथे, वेगळा प्रसंग घडत होता. तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकविणारे गजानन माधव मुक्तिबोध यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी. ते हिंदीतील श्रेष्ठ कवी, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतील मान्यवर कवी-समीक्षक. देशाचा इतिहास आपल्या बुद्धीने वाचू पाहणारा हा शिक्षक त्या बंदीने व्यथित झाला आणि दोन वर्षांत, १९६४ मध्ये, निवर्तला. राष्ट्राभिमान शिकवू इच्छिणाऱ्या व्यवस्थेने इतिहास शिकविणाऱ्याचे पुस्तक मिटवावे, हा विरोधाभास आजही जुना झालेला नाही.

तेव्हा राष्ट्रीयत्वाचा अभिमान बाळगावा काय? बाळगावा, पण तो प्रतिज्ञेतील क्रमाने. पहिले वाक्य मोठ्याने म्हणून दुसरे गिळून टाकण्याची सवय सर्वच पक्षांच्या सभांना लागली आहे. नोकरीनिमित्त घर सोडून परप्रांतात स्थिरावलेल्या माणसाला आणि शासनाच्या खुर्चीत बसणाऱ्या अधिकाऱ्याला ती परवडण्यासारखी नाही. स्थलांतरिताचा देश त्याला शेजारी किती सामावून घेतात यावर ठरतो. सामान्य माणसाला राष्ट्र प्रत्यक्ष भेटते ते तहसील कचेरीच्या खिडकीत, पोलीस ठाण्यात आणि रेल्वेच्या डब्यात. तेथे त्याला जी वागणूक मिळते, तिच्यावरूनच तो आपल्या राष्ट्रीयत्वाची किंमत करीत असतो. चरोद्याच्या यार्डातून सुटणाऱ्या मालगाडीला राष्ट्राभिमानाची घोषणा लागत नाही. तिला लागतो तपासलेला ब्रेक, नीट जोडलेला डबा आणि पाळीवर जागा असलेला माणूस. त्या माणसाचे वेतन, सुरक्षितता आणि प्रतिष्ठा यांची हमी देणाऱ्या देशाला त्याच्याकडून अभिमानाची अपेक्षा ठेवता येईल.